डेलियाचे चार मार्टिन

डेलिया मोंगन वळणाच्या पलीकडे राहते. वळणापर्यंत घरं आहेत, घरांसमोर फूटपाथ आहे. मग फूटपाथ संपतो, ट्रॅव्हलर या भटक्या लोकांच्या वस्तीतले ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, सुरू होतात आणि शेवटी दगडखाण. आयर्लंडच्या पश्चिमेला असे रस्ते पुष्कळ आहेत.

गेल्या हिवाळ्यात खडीच्या ट्रकचा आरसा तिच्या नातीच्या दप्तराला लागला. दप्तर शेतात उडालं, विनी चरात पडली. खरचटण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवसापासून डेलिया पिवळं जाकीट घालून शाळेपर्यंत तिच्यापुढे चालू लागली. तिचे गुडघे गेलेले आहेत. ट्रकवाले हॉर्न वाजवतात. ती बाजूला होत नाही.

तिला वळणापासून वस्तीपर्यंत फूटपाथ हवा होता. कौन्सिलला सांगून सांगून ती थकली होती.

वसंतात कौन्सिलच्या निवडणुकीचे उमेदवार दारोदार फिरू लागले. त्या दिवशी डेलिया वळणावरच्या मिसेस लॅलींकडे चहाला बसली होती. एका उमेदवाराची माणसं आली, हवापाण्याचं बोलली, हातातल्या यादीवर खूण केली आणि तिथूनच गाडी वळवू लागली. डेलिया गाडीपाशी गेली.

"आमच्याकडे नाही येणार?"

गाडीतल्या बाईने यादी पाहिली. "पुढे कुणी मतदारच नाही हो, बाई."

तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. ती खरं तेच सांगत होती, आणि तेच डेलियाला लागलं.

त्याच संध्याकाळी ती ट्रेलर-ट्रेलर फिरली, मतदार यादीत नाव नोंदवा म्हणून. पुरुषांनी नकारार्थी मान हलवली. नाव दिलं की कौन्सिलला आपण सापडतो, मग हुसकावतात, हे त्यांनी बापांकडून ऐकलं होतं.

"अरे, आपला कुत्रा भुंकला तर तिसऱ्या दिवशी त्यांचं पत्र येतं," डेलिया म्हणाली. "अजून किती सापडायचं राहिलंय?"

तिची सून दानूता पोलंडची. मला कुठलं आलंय मत, म्हणाली. डेलिया आधीच चौकशी करून आली होती. अठरा पूर्ण हवीत आणि राहणं इथलं हवं. कौन्सिलच्या मतदानाला पासपोर्ट कुठला हे कुणी विचारत नाही. दानूताने त्याच रात्री अर्ज भरला. मग सगळ्यांचेच भरून दिले, कारण वस्तीत तिचं अक्षर बरं.

थोड्याच दिवसांत कौन्सिलमधून कळलं की वस्तीचे सगळे अर्ज चौकशीसाठी बाजूला ठेवलेत. एकाच माणसाने एकाच पत्त्यावरून चारदा नाव नोंदवलं होतं म्हणे. मार्टिन मोंगन. नोंदणीची मुदत त्या शुक्रवारी संपत होती. ती चुकली तर गाड्या पुन्हा वळणावरूनच परत जाणार, पुढची पाच वर्षं.

पुरुष म्हणाले, सांगितलं नव्हतं का. डेलियाने त्यांच्यातल्या चौघांना लग्नाचे सूट घालायला लावले. एकाला घोडीला नाल मारायचे होते. घोडी थांबेल, ती म्हणाली.

कौन्सिलच्या कचेरीत खिडकीपाशी तिने त्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. आतली मुलगी तरुण होती, नीट वागणारी होती. तिने तेच पुन्हा समजावलं, की एक नाव चार वेळा पाठवलं गेलंय.

"पाठवलं नाही, पोरी. ठेवलंय," डेलिया म्हणाली. "माझे सासरे मार्टिन. त्यांना चार मुलगे. आमच्यात प्रत्येकाच्या पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात. दिलं नाही तर म्हातारा जेवला नसता." मग तिने ओळख करून दिली. "हा तांबडा मार्टिन. हा लांब्या. हा घोड्यांचा. आणि हा माझा, दानूताचा नवरा."

"मी सगळ्यात देखणा," लांब्या म्हणाला.

"तू गप."

मुलीने अर्ज काढले. चार जन्मतारखा होत्या, चारही वेगळ्या. आधी कुणी तिकडे पाहिलंच नव्हतं. ती लाजली, मग हसू लागली, आणि सगळे अर्ज पुढे सरकले. बाहेर आल्यावर डेलिया पायरीवर बसली. "मला वाटलं, हाकलतात आपल्याला," ती म्हणाली. तिला घाबरलेलं पाहण्याची चौघांनाही सवय नव्हती. ते नवे बूट न्याहाळत उभे राहिले.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात सकाळी एक गाडी वळण ओलांडून आत आली. उमेदवार स्वतः होता. यादी पाहून त्याने विचारलं, "मार्टिन मोंगन?"

"कोणता?" डेलिया म्हणाली. ती पिवळं जाकीट चढवत होती. "ते नंतर बघू. पोरीची शाळेची वेळ झालीय. चला आमच्याबरोबर. गाडी राहू द्या इथे."

तो हसत निघाला. पुढे डेलिया, मग विनी, मागे तो. अर्ध्या वाटेवर ट्रक आला. डेलिया जागची हलली नाही. विनीने सवयीने अंग चोरलं. उमेदवार चरात उतरला, गुडघ्यापर्यंत.

तो बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. ओल्या पँटकडे पाहत म्हणाला, "हे रोज?"

"रोज," विनीने सांगितलं.

डेलियाने त्याला हात दिला. "तुमच्यामागून उद्या दुसरे उमेदवार येणार आहेत," ती म्हणाली. "त्यांनाही इथूनच नेणार आहे."