जुन्या रंगांचा रविवार

"मी गाडी चालवत नाही, बाजूला कोण आहे तेवढं सांगतो," असं व्हर्लिन गॅस्किन्स एकदा चर्चच्या जेवणात नव्या पाद्र्याला म्हणाला होता.

"म्हणजे माझंच काम की," पाद्री म्हणाला, आणि सगळं टेबल हसलं. व्हर्लिन हसला नाही. बशीतली तळलेली भेंडी त्यानं काट्यानं इकडची तिकडं केली. पाद्र्याचं चुकलं तर लगेच कळत नाही, एवढाच विचार त्याच्या मनात आला, आणि तो त्यानं भेंडीबरोबर गिळून टाकला.

मिल्सबरो हे त्याचं गाव. दक्षिण कॅरोलिनातल्या पाइनच्या रानात, तंबाखूच्या शेतांच्या कडेला. सूतगिरणी होती तोवर व्हर्लिन गिरणीत होता. ती बंद पडल्यावर त्यानं शाळेची बस धरली. मुलं त्याच्या बसला 'शवपेटी' म्हणायची, इतकी ती हळू जायची. पण शनिवार-रविवारी हाच माणूस मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर, प्रेक्षकांच्या मोठ्या स्टँडच्या छपरावर उभा असायचा, कानांवर हेडफोन, छातीशी वायरलेस, आणि खाली अर्ध्या मैलाच्या लंबगोलावर गाड्या एकमेकींना घासत फिरायच्या. गाडीतल्या माणसाची मान पट्ट्यांनी आवळलेली असते. त्याला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. बाजूचं त्याला छपरावरचा माणूस सांगतो. त्याला स्पॉटर म्हणतात.

"आत आला... मागच्या चाकाशी... दाराशी... अजून दाराशी... नाकाशी... मोकळं."

एवढीच त्याची भाषा: आत म्हणजे गवताकडची डावी, खालची बाजू, मोकळं म्हणजे तिथं कुणी नाही. ज्वेल, त्याची बायको, म्हणायची, "घरात महिन्याभरात बोलत नाहीस तेवढं एका फेरीत बोलतोस तू." एका उन्हाळ्यात ती जॉर्जियात बहिणीकडं गेली आणि तिकडंच राहिली.

छपरावरचं त्याचं तरुणपण लेमार प्रुएट या ड्रायव्हरची गाडी बघण्यात गेलं. निळी गाडी, पिवळं नाक. कितीतरी हंगाम व्हर्लिन त्या पिवळ्या नाकाला डोळे चिकटवून उभा राहिला. छपरावरचा पहिला नियम तोच आहे: डोळा आपल्या गाडीवरून काढायचा नाही, बाकीच्या गाड्या तिच्या अवतीभवतीच बघायच्या. लेमारची फुप्फुसं गेली आणि तो बिछान्यात मेला. ती गाडी कुणीतरी भंगारात काढली. मग बरीच वर्षं व्हर्लिन छपरावर चढलाच नाही.

तो परत चढला तो भाच्यासाठी. त्याची धाकटी बहीण ओनीडा हिचा नवरा लाकडांच्या ट्रकखाली गेला होता. एकुलता एक मुलगा केड. त्यानं मिसरूड फुटायच्या आत गाडी मागितली, तेव्हा ओनीडानं भावाला स्वयंपाकघरात गाठलं. ती पीच सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"व्हर्ल, त्याला मी अडवू शकत नाही. पण तो गाडीत असेल तेव्हा तू छपरावर पाहिजेस. तू नाहीस तर तोही नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको. कबूल कर."

"कबूल."

ट्रॅकवर प्रेक्षक भाड्यानं छोटे रेडिओ घेतात आणि आपल्या आवडत्या ड्रायव्हरचं बोलणं ऐकतात. ओनीडानं स्वतःचाच विकत घेतला. तो ती पर्समध्ये ठेवायची, वायर केसांखालून कानाला. शर्यत सुरू झाली की ती मांडीवरच्या हातांकडं बघत बसायची आणि भावाचा आवाज ऐकायची. "मला बघवत नाही," ती म्हणायची, "ऐकवतं." हे फक्त व्हर्लिनला माहीत होतं. "पोराला सांगू नकोस. आई ऐकतेय म्हटलं की शिव्या गिळत बसेल, आणि त्याचं लक्ष उडेल." केडला वाटायचं, आई स्टँडमध्ये बसून मनातल्या मनात प्रार्थना करते.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. केडची गाडी नारिंगी. एखाद्या जखमेसारखी ती लांबून दिसायची. व्हर्लिनचे डोळे आता त्या रंगाला सरावले होते, जसे अंधारात जिन्याच्या पायऱ्यांना पाय सरावतात.

सप्टेंबरचा पहिला रविवार म्हणजे जुन्या रंगांचा. त्या दिवशी ट्रॅकवरची प्रत्येक गाडी कुठल्यातरी गेलेल्या दिवसांचा रंग लावून येते. पोरं खोट्या मिशा चिकटवतात, बापाच्या कपाटातल्या पायघोळ पँटी चढवतात. बायका केस फुगवतात. म्हातारी माणसं कुंपणाशी उभी राहून डोळे पुसतात आणि ऊन लागतंय म्हणतात. स्टँडमध्ये उकडलेल्या शेंगा विकल्या जातात, पण गाड्यांच्या बाजूला कुणी सालासकट शेंग नेत नाही. तो अपशकुन समजतात.

केडची गाडी त्या दिवशी गडद तांबडी आणि सायीच्या रंगाची होती. कधीकाळी गावातल्या पीचच्या वखारीनं अशीच एक गाडी शर्यतीत उतरवली होती, तिची ती नक्कल. टीमचा प्रमुख मार्श ओडम चिकटपट्टीचं नारिंगी भेंडोळं हातात घेऊन उभा होता.

"छपरावर एक पट्टी मारतो, व्हर्लिन. वरून तुला चटकन दिसेल."

"आणि रंगाचं बक्षीस?" केड ओरडला. त्याची खोटी मिशी एका बाजूनं सुटली होती. "लोक म्हणतील नव्या नवरीला बँडेज लावलंय."

"मी म्हाताऱ्याला विचारतोय, तुला नाही."

"म्हातारा तुझा बाप," व्हर्लिन म्हणाला. "हा पोरगा वळणात कसा शिरतो ते मी डोळे मिटून सांगेन. राहू दे तुझी पट्टी."

"बघ हं."

"बघतोय, मार्श. तेच तर करतोय इतकी वर्षं."

केडनं मिशी परत दाबली. "मामा, चांगला दिसतोय ना मी?"

"तुझ्या आज्यासारखा दिसतोस. तो तुरुंगात होता तेव्हाच्या फोटोतल्यासारखा."

छपरावर ऊन तापत होतं. स्पॉटर ओळीनं कठड्याशी उभे होते, आणि सगळे कुरकुरत होते. नेहमीची पांढरी गाडी आज हिरवी होती, नेहमीची काळी गुलाबी. हॉलिस टिमन्स हा व्हर्लिनचा जुना सोबती. लेमारच्या काळापासून तो शेजारी उभा राहायचा.

"माझा गडी कुठला तेच मला कळेना," हॉलिस म्हणाला. "सगळी भुतं एकदम उठून आल्यासारखी वाटतायत."

"भुतांना नंबर असतात. नंबर वाच."

"एवढ्या लांबून? माझ्या चष्म्याला पण चष्मा लागेल." मग हॉलिसनं कोपरानं त्याला ढोसलं. "व्हर्लिन. ती बघ. तुझी जुनी आली."

खालून निळी गाडी बाहेर पडली. पिवळं नाक. जॉर्जियातल्या कुणा पोरानं लेमारचा फोटो कुठूनतरी मिळवला होता आणि रंग तंतोतंत उतरवला होता. दारावरच्या आकड्याचा बाक, नाकावरची पिवळ्याची उतरती कडा, सगळं तसंच. मेलेल्या माणसाचा शर्ट घालून कुणीतरी रस्त्यानं चालत यावं तसं ते होतं. बघू नये वाटतं आणि बघितल्याशिवाय राहवत नाही.

"सुंदर केलीय," तो म्हणाला.

"रडू नकोस, म्हाताऱ्या. वायरलेसमध्ये पाणी जाईल."

शर्यत सुरू झाली. सुरुवातीला सगळं नीट होतं. तांबड्या-सायीच्या गाडीला त्यानं डोळ्यात धरलं आणि सोडलं नाही. त्याचा आवाज सपाट, शांत, नेहमीसारखा. केड अधूनमधून खुशीत येऊन बोलायचा.

"मामा, गाडी आज लोण्यासारखी चाललीय."

"बोलू नकोस. बाहेर एक आहे, दाराशी."

"तू काय खाल्लंस आज? आवाज गोड येतोय."

"दाराशी, अजून दाराशी. मोकळं. गप्प बस."

मग कुणाचं तरी टायर फुटलं, गाड्या संथ झाल्या, जवळ आल्या, आणि पुन्हा वेग घेताना चार-पाच गाड्या एका गठ्ठ्यात वळणाबाहेर पडल्या. सगळे रंग एकमेकांत मिसळले. निळी गाडी खालच्या बाजूनं घुसली आणि केडच्या गाडीच्या आतल्या अंगाला आली.

नेमकं तेव्हा काय झालं ते व्हर्लिनला नंतरही कुणाला सांगता आलं नसतं. तो दुसरीकडं बघत नव्हता, त्याचं मनही भरकटलं नव्हतं. तो बघत होता, जन्मभर बघितलं तसंच. फक्त एका श्वासापुरते त्याचे डोळे पिवळ्या नाकाला चिकटले, जसे तरुणपणी चिकटायचे, आणि ती गाडी आपली झाली. त्यानं तिच्या डाव्या बाजूला बघितलं. तिथं कुणी नव्हतं, नुसतं गवत.

"आत मोकळं," तो म्हणाला. "आत मोकळं आहे, ये खाली."

सांगितलेलं खरं होतं. पण ते निळ्या गाडीसाठी खरं होतं. ऐकणारा केड होता.

केडनं विचार केला नाही. विचार करायचा नसतो, म्हणून तर छपरावर माणूस ठेवतात. त्यानं गाडी खाली घेतली, आणि तिची मागची बाजू पिवळ्या नाकावर बसली. तांबडी गाडी आडवी फिरली, सगळा रस्ता ओलांडून वर चढली आणि भिंतीला भिडली. मागून आलेली एक तिच्या दारात घुसली. आवाज छपरावर थोडा उशिरा पोचला, तो नेहमीच उशिरा पोचतो.

शर्यत थांबली. धूर एका बाजूला सरकला. गाडी भिंतीशी तोंड करून उभी होती.

ड्रायव्हर ठीक असेल तर खिडकीची जाळी खाली सोडतो. सगळ्या ट्रॅकला ते कळतं. सगळा ट्रॅक त्या जाळीकडं बघत होता.

"बाळा," व्हर्लिन म्हणाला. "जाळी सोड."

कानात नुसती खरखर.

"केड, जाळी सोड रे. हात वर कर आणि सोड."

त्यानं कठडा धरला होता. खाली उडी मारता येत नव्हती, धावत गेलं तरी जिना होता, गर्दी होती, कुंपण होतं. त्याच्याकडं फक्त आवाज होता, आणि तो आवाजच पोराला तिकडं घेऊन गेला होता. तरी तो बोलत राहिला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. खाली स्टँडमध्ये एक बाई मांडीवरच्या हातांकडं बघत हे सगळं ऐकत असणार, हे त्याला बोलता बोलताच आठवलं, आणि तरी त्याला थांबता येईना.

मग श्वास ऐकू आला. मग केडचा आवाज, लहान मुलासारखा.

"मामा... हात उचलत नाही."

"बरं. बरं. हलू नकोस. आले ते, पोचलेच."

जाळी बचावाच्या माणसांनी सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्लिनला त्या टाळ्या फार लांबून, दुसऱ्या कुठल्यातरी गावात वाजल्यासारख्या वाटल्या.

हॉलिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो शेजारीच उभा होता, त्यानं ऐकलं होतं. "ऊन होतं रे डोळ्यावर. या वेळेला इथं कुणालाच दिसत नाही."

"ऊन पाठीमागं होतं," व्हर्लिन म्हणाला, आणि जिन्याकडं वळला.

ट्रॅकच्या आतल्या बाजूला दवाखान्याची एक खोली होती, दोन खाटांची. मार्श गाडीपाशीच राहिला होता. केड खाटेवर बसला होता, डावा हात छातीशी बांधलेला, गळ्याजवळचं हाड मोडलेलं, पायाच्या घोट्याला बर्फ. खोट्या मिशीचा अर्धा तुकडा अजून ओठावर होता. नर्स म्हणाली, गावातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, गाडी येतेय. ओनीडा खाटेशेजारी उभी होती. तिच्या कॉलरवर रेडिओची वायर लोंबत होती. कानातून काढायची ती विसरली होती, की काढल्यावर आत खोचायची विसरली होती, कोण जाणे. केडला ती दिसली नाही. तो दारात आलेल्या मामाकडं बघत होता.

"माझी चूक, आई," केड म्हणाला. त्याच्या आवाजात घाई होती. "मामा ओरडून सांगत होता, आत आहे, आत आहे म्हणून. मी ऐकलं नाही. मला वाटलं निघून जाईन पुढं."

व्हर्लिन दारातच थांबला.

"मूर्खपणा केला," केड म्हणाला. "मामाला काही बोलू नकोस हं."

ओनीडानं रुमाल ओला केला आणि मुलाच्या ओठावरची ती मिशी हळूच सोडवली. तिथली कातडी लाल झाली होती. ती बराच वेळ तिथंच पुसत राहिली. व्हर्लिन तिच्याकडं बघत होता. ती आता बोलेल, म्हणेल, मी ऐकलंय, खोटं बोलू नकोस. तिनं तसं म्हटलं असतं तर त्याला खाली बसता आलं असतं. त्याला रडताही आलं असतं कदाचित.

"मामाचं ऐकायचं असतं," ती म्हणाली.

"येस मॅम."

"तुला कितीदा सांगितलंय. तो वरून बघतो. त्याला सगळं दिसतं."

"हो, आई."

मग तिनं मान वळवून भावाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. त्याच्यासाठी तिथं काहीच ठेवलेलं नव्हतं.

"व्हर्ल, पुढच्या वेळी त्याला जरा मोठ्यानं सांगत जा," ती म्हणाली.

"सांगेल ना," केड म्हणाला. तो हसायचा प्रयत्न करत होता. "मामा, सांगशील ना?"

नर्स बर्फाची पिशवी बदलायला वाकली. बाहेर शर्यत पुन्हा सुरू झाली होती, आणि खोलीच्या काचा थरथरत होत्या. आई आणि मुलगा दोघंही त्याच्याकडं बघत होते. एकजण खोटं धरून, दुसरी खरं धरून, आणि दोघांनाही त्याच्याकडून एकच शब्द हवा होता: सांगेन. खाटेच्या पायथ्याशी केडच्या उघड्या पावलावर व्हर्लिननं क्षणभर हात ठेवला, काढला, आणि तो दाराबाहेर चालत गेला.