साध्या घराच्या चार खोल्या

बायांनो, आज माझी नात ऋतुजा पुण्याहून वलवणला आली ती लॅपटॉप उघडूनच बसली. पंचेचाळिशीला नोकरी सोडायची आन् हितं साधं राहायचं, असा तिचा वीस वर्षांचा प्लॅन.

"आज्जी, घर चार खोल्यांचं. तीन पर्यटकांना भाड्यानं देणार."

म्हटलं, "मग त्यांच्या चादरी कोण धुणार? मी दर पावसाळ्यात माझ्या खोल्या पर्यटकांना देऊन तेच करते. ह्याला साधं म्हणतेस व्हय?"

मग तिनं तीन खोल्या खोडल्या, तसा घराचा खर्च घटला आन् नोकरीची सहा वर्षं कमी झाली.

उरली एक खोली, ओटा आन् समोर धरणाचं पाणी. "मौसी, गरम पानी" म्हणत दार वाजवणारं कुणी न्हाई. चहा उकळेस्तोवर मी मनातल्या मनात त्या ओट्यावर पाय पसरून बसून आले.

तुमच्या साध्या घरात किती खोल्या हायेत?