समुद्राले पूर येते काय?

"थांबा, आधी पाणी पायतो."

एवढं म्हणून भाऊ गाडीतून उतरायचे. सीटखालची बांबूची काठी काढायची, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, चार पावलं आत जाऊन काठी रोवायची. मग मान वाकडी करून, एखाद्या म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं ऐकावं तसं, ते पाण्याकडे बघत राहायचे. पाणी घोट्याएवढं असो की मांडीएवढं, हा कार्यक्रम चुकायचा नाही.

ते आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर होते. मी तिथली नर्स. चामोर्शी तालुक्यातलं गाव, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, आणि पावसाळ्यात कुठेही जायचं म्हटलं की मध्ये एक तरी नाला. आमच्या भागात तुम्ही राहिला असाल तर असे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. पण इतका सावध माणूस क्वचितच पाहिला असेल.

एकदा नवीन डॉक्टर घाईत होते. रस्त्यात साचलेलं डबकं पाहून भाऊंनी गाडी थांबवली. डॉक्टर वैतागले, "अहो, हे काय समुद्र आहे का?" भाऊ शांतपणे काठी घेऊन उतरले, परत आले आणि म्हणाले, "नाई डॉक्टर, डबकंच हाये." आम्ही सगळे हसलो. तेही हसले. पण त्यानंतरही प्रत्येक डबक्यापाशी ते उतरतच राहिले.

एका वर्षी गडचिरोलीच्या वाटेवरच्या नाल्यात एक जीप वाहून गेली. दहा मिनिटं आधी भाऊंनी त्याच काठावर गाडी वळवून मागे आणली होती. आत दोन बाळंतिणी होत्या. तेव्हापासून गावातली माणसं म्हणायची, भाऊच्या गाडीत बसलं म्हणजे घरी परत येणार.

गाडीत बायका रडायला लागल्या की ते पुढून काहीतरी बोलत राहायचे. नोकरीची पहिली दहा वर्षं त्यांनी सिरोंच्याला काढली होती. तिथली तेलुगू त्यांना यायची, म्हणजे शब्द तेलुगू आणि क्रियापद आमच्या झाडीबोलीचं. कळा देणारी बाईसुद्धा कधी कधी फिस्सकन हसायची.

त्यांना एकच मुलगी. सासर मूल गावाकडे होतं. दुसऱ्या बाळंतपणाला ती माहेरी आली, चार वर्षांच्या लेकीला, यशूला, बरोबर घेऊन. ऑगस्ट महिना होता. तीन दिवस पाऊस हटला नव्हता. दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, इथे जमणार नाही, गडचिरोलीला न्या.

मी मागे तिच्याजवळ बसले. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, यशूला घेऊन घरीच राहिल्या. नाल्यापाशी आलो तर रपटा दिसतच नव्हता. तांबडं पाणी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पसरलं होतं. भाऊ उतरले, काठी घेऊन गेले आणि भिजून परत आले. मागचं दार उघडून त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, कमरेच्या वर हाये. पण एवढ्यात चढलं नाई. टाकू काय गाडी?"

वीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला कधीच विचारला नव्हता. पाण्याचा निर्णय त्यांचा असायचा. त्या दिवशी आपल्या पोरीकडे बघून त्यांना स्वतःवर भरवसा वाटेना.

मी बाहेर पाहिलं. मी म्हणाले, "नको भाऊ. थोडं थांबू. उतरेल."

आम्ही थांबलो. दीड तास. मी जे करायचं ते सगळं केलं. ती आधी पाणी मागत होती, मग यशूचं नाव घेत होती, मग काहीच बोलेना. ती आणि पोटातलं बाळ गेल्यावर थोड्या वेळानं पलीकडून एक ट्रॅक्टर पाण्यात शिरला आणि हळूहळू आमच्या काठावर येऊन उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काऊन थांबले जी?"

भाऊंनी मागचं दार लावलं आणि गाडी गावाकडे वळवली.

गावात दोन दिवसांत एकच बोलणं झालं. ट्रॅक्टर आला, मग गाडी काऊन नाई गेली? ट्रॅक्टर उंच असतो, गाडी खाली असते, हे कोण कोणाला सांगणार? डॉक्टरांनी रीतसर विचारणा केली. मी भाऊंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "मीच थांबवली साहेब. माया अंदाज चुकला." मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता हात जरासा वर केला. मी तोंड मिटलं. मला हे कबूल करायला हवं की मिटताना मला बरं वाटलं.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "भाऊ, नको मी म्हटलं होतं."

"तुमाले अजून किती बाया नेयाच्या हायेत, सिस्टर. लोकायचा भरोसा गेला तर कोणी तुमच्यासंगं गाडीत बसनार नाई. अन् स्टेअरिंग मायाच हातात होतं ना."

वहिनी त्यांना एकदाच बोलल्या. तेराव्याला नव्हे, कारण त्यांच्याकडे तेरावं नसतं. बुद्धवंदना झाली, माणसं उठली, तेव्हा. "दुसऱ्याची पोरगी असती तर टाकली असती गाडी." एवढंच. त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलल्याच नाहीत. जेवण वाढायच्या, कपडे धुवायच्या, पण शब्द नाही. जावयानं वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि यशू यांच्याकडेच राहिली. मग घरातले सगळे निरोप तिच्यामार्फत जाऊ लागले. "आबा, आजी म्हणते दळण आना." "आजी, आबा म्हणतेत आनतो." पाच वर्षांची पोर दोघांच्या मध्ये टपालासारखी फिरायची.

त्या पोरीला पावसाची भीती बसली होती. पत्र्यावर थेंब वाजले की पलंगाखाली जायची. आंघोळीच्या बादलीला पाहून ओरडायची. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आई पाण्यामुळे आली नाही हे तिला कळलं होतं.

एक दिवस तिनं शाळेच्या पुस्तकातलं चित्र दाखवून आजोबांना विचारलं, "समुद्राले पूर येते काय?"

भाऊ दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. मी इंजेक्शनं मोजत होते. म्हणाले, "सिस्टर, तुमी शिकलेल्या आहा. समुद्राले पूर येते काय?"

"पूर नाही येत. लाट येते आणि परत जाते. तो आपल्या जागेवर असतो."

"मंग तेच दाखवाचं हिले," ते म्हणाले.

आपल्या लोकांना समुद्र म्हटलं की मुंबई आठवते. आमच्या जिल्ह्याला जवळचा समुद्र आंध्रातला. बल्लारशाला सकाळी गाडीत बसलं की दिवस मावळताना चिरालाला उतरता येतं. हे भाऊंना सिरोंच्याच्या दिवसांपासून माहीत होतं. फेब्रुवारीत त्यांनी रजा टाकली आणि मलाही म्हणाले, "तुमी चाला. यशूची आजी माझ्यासंगं बोलत नाई. परक्या गावात पोट्टीनं किती निरोप पोचवाचे?"

मी गेले. रेल्वेत वरंगळ येईपर्यंत मीच टपालाचं काम केलं. "वहिनी, भाऊ विचारतात चहा हवा का." "म्हणा, नाई पाह्यजे." दोघांमध्ये हातभर अंतर होतं, आणि प्रत्येक वाक्य दोघांनाही ऐकू येत होतं.

पहिल्या दिवशी समुद्र कुणालाच मानवला नाही. त्याचा आवाज ऐकूनच यशूनं आजीच्या पदरात डोकं खुपसलं. वहिनी वाळूवर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत बसल्या, पाण्याकडे पाठ करून. भाऊ कुठूनतरी एक काटकी घेऊन आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "थांबा, आधी पाणी पायतो."

त्यांनी काटकी वाळूत रोवली आणि मान वाकडी केली. लाट आली, काटकी घेऊन गेली. त्यांनी दुसरी रोवली. तीही गेली. तिसऱ्या वेळी पायाखालची वाळू सरकली आणि ते मटकन बसलेच. पदराआडून एक हसू ऐकू आलं. यशू हसत होती. त्या घरात ते हसू किती दिवसांनी आलं असेल, मी सांगू शकत नाही. भाऊ तसेच ओले बसून राहिले, उठले तर हसणं थांबेल म्हणून.

जाळं विणत बसलेल्या एका कोळ्याशी त्यांनी आपल्या तेलुगूत गप्पा केल्या. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुफान आलं की हा समुद्रही घरात येते म्हनते सिस्टर. त्याचा भाऊ नेला." मग यशूकडे बघून म्हणाले, "हिले नोका सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य पाण्यातून वर येत होता तेव्हा यशू त्यांचं बोट धरून घोट्यापर्यंत गेली. दुपारी गुडघ्यापर्यंत. संध्याकाळी ती लाटेला हातानं "जा, जा" करत होती, आणि लाट खरंच जात होती. आपण म्हटलं आणि पाणी मागे गेलं, याचा त्या पोरीला झालेला आनंद पाहून मला तिथे उभं राहवेना. मी होडीपाशी वहिनींजवळ येऊन बसले.

तिसऱ्या दिवशीही आम्ही दोघी तिथेच होतो. भाऊ लांब पाण्यात उभे होते, यशू त्यांच्या खांद्यावर. वहिनी आता पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोट्टीची भीती घेतली म्हनावं समुद्रानं."

मी दीड वर्ष जे गिळलं होतं ते तेव्हा बाहेर आलं. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी भाऊंनी मला विचारलं होतं, गाडी टाकू काय. मी नको म्हटलं."

त्यांनी मान वळवली नाही. "तुमी?"

"हो."

"काऊन?"

"भीती वाटली. पाणी कमरेच्या वर होतं."

"अन् तुमी म्हटलं असतं टाका, तर?"

"त्यांनी टाकली असती."

खूप वेळ त्या वाळू मुठीत घेऊन सोडत राहिल्या. मग उठल्या. साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि सरळ पाण्याकडे चालू लागल्या. मीही थोड्या अंतरानं गेले. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा भाऊंच्या पायाशी बसतील. तसं काही झालं नाही. त्या नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. एक लाट आली, गेली. मग म्हणाल्या,

"पॅन्ट वर करा. भिजून राह्यली."

भाऊंनी यशूला खाली उतरवलं आणि वाकून पॅन्ट दुमडू लागले. वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माणसं आजूबाजूला खेळत होती, कुणी भुट्टे भाजत होतं. कुणाचं लक्ष नव्हतं.

वहिनी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलू लागल्या. माझ्याशी बोलायच्या थांबल्या. परतीच्या गाडीत त्यांनी सगळ्यांना पोळी-ठेचा वाढला. माझा वाटा यशूच्या हातानं आला. मी तो खाल्ला. हे असंच व्हायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. भाऊ मात्र अवघडून गेले. बल्लारशाला उतरताना हळूच म्हणाले, "काऊन सांगतलं सिस्टर? चाललं होतं ना माझं."

पुढची दोन वर्षं ते तिघं फेब्रुवारीत समुद्राला जाऊन आले. भाऊ परत आले की शिंपल्यांची एक पुडी माझ्या टेबलावर गुपचूप ठेवून जायचे. नाल्यावर पूल झाला. ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर दीड वर्षानं एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली.

त्यांच्याच जुन्या गाडीत आम्ही त्यांना गडचिरोलीला नेलं. पुढे नवा ड्रायव्हर. मागे स्ट्रेचरवर भाऊ, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वहिनी. अख्खी नोकरी ते पुढे बसले होते; मागे कधीच नाही. चामोर्शी ओलांडल्यावर त्यांनी तोंड वाकडं करून, एक एक शब्द ओढत विचारलं, "कुठी आलो?" मी म्हणाले, "पोहोचतो आहोत भाऊ." त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मागं बसलं... तर रस्ता... लय लांब वाटते सिस्टर."

ते आपल्या पोरीविषयी बोलत होते, हे आम्हा दोघींनाही कळलं. मी त्यांची नाडी बघायला वाकले, तशी माझ्या हातातली सलाईनची बाटली खाली आली. वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली आणि वर धरली. मग खिडकीकडे तोंड करून त्या नवऱ्याला सांगू लागल्या.

"पेट्रोल पंप गेला. आता मोठी बोडी आली, पानी कमी हाये. दोन बगळे बसले. शाळा आली, पोट्टे बाहेर उभे हायेत. आता मोहाची झाडं लागली..."

चौथ्या दिवशी भाऊ गेले. पण गडचिरोली येईपर्यंत त्या बोलत होत्या, एका हातात बाटली उंच धरून, दिसेल ते सगळं.