फक्त झाडांसाठी

नगरपरिषदेत लेखापालाची नोकरी केली की एक गोष्ट नक्की कळते. निधी येवो न येवो, किस्से मात्र वेळच्या वेळी जमा होतात! त्यांना ना मंजुरी लागते, ना मार्चएंड. आमची नगरपरिषद धाराशिव जिल्ह्यातलीच, पण नेमकी कुठली ते विचारू नका. भूमवाल्यांना वाटतं कळंबकडची असेल, कळंबवाल्यांना वाटतं भूमकडची. दोघांचाही गैरसमज तसाच राहू द्या, मला अजून पेन्शन घ्यायचीय!

*

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला दिल्लीहून येणारा पाण्याचा निधी अडकला. योजना बदलली म्हणे, नवे निकष येणार म्हणे. कधी, ते कुणालाच माहीत नाही. आमच्यासाठी त्याचा अर्थ एकच होता. माळावरच्या वस्तीला पाइपलाइन चढत नाही, तिथं आमचा टँकर जातो. डिझेलला पैसे नाहीत म्हणजे टँकर बंद, आणि टँकर बंद म्हणजे अख्ख्या वस्तीच्या घशाला कोरड.

मुख्याधिकारी मॅडमनी मीटिंग बोलावली. मी आदल्या दिवशी यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून तयारीत गेलो होतो. अमेरिकेचं टॅरिफ, रुपयाची घसरण, केंद्राची तूट, सगळं काढलं! मधूनमधून ‘ग्लोबल अनसर्टन्टी’ पेरत होतो. मॅडम लिहून घेतायत हे बघून तर मला आणखीच चेव आला.

टँकरचा ड्रायव्हर लिंबराज दारात उभा राहून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, “सायेब, लई भारी बोललाव. मग आता डिझेल टाकू का न्हाय?”

*

मग मी काटकसरीचा हुकूम काढला. दिवसा ऑफिसातले सगळे दिवे बंद! विजेचे पैसे वाचवायचे आणि टँकर पळवायचा, असा थोर विचार.

पहिल्याच दिवशी बाजारातले एक किराणा दुकानदार आले. त्यांची घरपट्टी वर्षानुवर्षं थकलेली. त्या दिवशी त्यांना काय सुबुद्धी झाली कुणास ठाऊक, चक्क पिशवीत पैसे घेऊन आले! अंधारात डोकावले, “बंद हाय वाटतं. देवाच्याच मनात न्हाय!” म्हणून हात जोडले आणि माघारी गेले.

मी शिपायावर उखडलो, “अरे, त्यांना थांबवलं का नाहीस?”

तो शांतपणे म्हणाला, “अंधारात दिसलंच न्हाय सायेब, कोण हाय ते.”

*

शेवटी वसुलीच जोरात करायची ठरलं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. थकबाकीदाराच्या दारात जाऊन हलगी वाजवायची, माणूस गल्लीच्या लाजेनं पैसे काढतो.

पहिलंच दार निघालं माझ्या सासऱ्यांचं! मी पथकाच्या मागे मागे राहत होतो. हलगी सुरू झाली, गल्ली गोळा झाली, आणि सासरे बाहेर आले. त्यांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, “बघा! जावई असावेत तर असे! लग्नानंतर पयल्यांदा वाजतगाजत आलेत!”

पथकाला चहा झाला, मला टॉवेल-टोपी झाली. घरपट्टीचा विषय काढायची कुणाची हिंमत झाली नाही. हलगीवाल्याची मजुरी उलट नगरपरिषदेनंच भरली. बायको अजून विचारते, “आमच्या वडलांकडं परत कधी वाजवायला जाणार?”

*

आणि एके दिवशी खरंच निधी आला! पण झाडांचा. त्यात अट होती की या पैशातून टँकर फिरवायचा तर फक्त झाडांना पाणी घालायला. माणसांचा उल्लेख कुठंच नव्हता.

मी म्हटलं, “मॅडम, माळावर एक बाभळ आहे. ती लई पाणी पिते, असं समजू.”

मॅडम म्हणाल्या, “भाऊसाहेब, उघडकीला आलं तर नोकरी कुणाची जाईल?”

“आधी मोठ्या सहीची, मॅडम.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि सही केली. मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण खरं सांगतो, त्या पोरीचा मला फार अभिमान वाटला. त्याहून जास्त भीती वाटली, कारण दुसरी सही माझी होती.

अटीप्रमाणे टँकरवर हिरव्या अक्षरांत रंगवून घेतलं, ‘फक्त झाडांसाठी’. टँकर वस्तीवर पोचला. तिथल्या सगळ्यात वडीलधाऱ्या गयाबाईंनी नातीकडून ती अक्षरं वाचून घेतली आणि वस्तीला हाक दिली, “चला गं झाडांनो, घागरी आणा!”

*

मे महिन्यात ती झाडं तपासायला मुंबईहून साहेब येणार असं कळलं. मी धावपळ करून नर्सरीतून रोपं आणली आणि सकाळी सकाळी माळावर खोचली. दुपारी साहेब पोचले तेव्हा वस्तीतल्या शेळ्यांनी सगळ्याचा फडशा पाडला होता. शेवटचं पान एका करडाच्या तोंडात होतं.

मॅडम खाली मान घालून उभ्या. साहेब उन्हानं लालबुंद झालेले. गयाबाई पुढं आल्या, दारी आलेल्या पाहुण्यापुढं धरतात तसा तांब्या त्यांच्यापुढं धरला. “आधी पाणी घ्या, मग काय ती चौकशी.”

साहेबांनी घटाघटा तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि माळावर चौफेर नजर फिरवली. लांबवर ती एकटी बाभळ.

“एवढं पाणी आणता,” ते मला म्हणाले, “मग झाडं कुठायत?”

मी बाभळीकडे बोट दाखवलं.

गयाबाई म्हणाल्या, “आमीच की, सायेब. आन त्येच पाणी तुमी आत्ता पेलाव. आता तुमीबी झाडच!”

साहेबांनी टँकरवरची हिरवी अक्षरं वाचली, हातातल्या रिकाम्या तांब्याकडे बघितलं आणि तो गयाबाईंच्या पुढे धरला.

“अजून थोडं घाला.”