नर गेल्यानंतरची अंडी

विल्फ बॅराक्लोला अर्धांगवायू झाला आणि त्याची बायको एनिड घराबाहेर पडेनाशी झाली. आमचा रस्ता चढाचा, दगडी घरं एकमेकांना चिकटलेली. कोण कुठे गेलं ते सगळ्यांना कळतं. तिचं सामान दारात यायचं. चर्चच्या हॉलमध्ये गुरुवारी सकाळी आम्ही बायका गायला जमतो, तिथे तिला बोलावून बोलावून मी थकले. "विल्फकडे कोण बघणार?" एवढंच ती म्हणायची.

विल्फ सुतार. हात चालत होते तेव्हा त्याने मागच्या भिंतीवर पाखरांसाठी लाकडी पेटी ठोकली होती. त्यांच्या मुलीने तिच्यात छोटा कॅमेरा बसवून तो टीव्हीला जोडून दिला. त्या वसंतात ब्लू टिट या निळ्या डोक्याच्या चिमुकल्या पाखरांच्या जोडीने पेटी धरली. मादीने शेवाळ आणि पिसं रचून वाटी केली, रोज एकेक अंडं घातलं आणि मग उबवायला बसली. नर सुरवंट आणून तिला भरवायचा. विल्फच्या तोंडून शब्द मोठ्या कष्टाने निघत, पण नर दिसला की तो "आला" म्हणायचा.

एके दिवशी नर आला नाही. दुपारी शेजारचा डेझमंड टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"एनिड, आमच्या बोक्याने... निळ्या टोपीचं होतं गं. मी सोडवायला धावलो, तोवर उशीर झाला."

"आत ये," ती म्हणाली. "तुझ्या लाडक्याने काय केलंय ते बस आणि बघ."

पडद्यावर मादी वाट बघून उठली आणि उडून गेली. अंडी उघडी पडली. बाहेर बोचरा वारा होता. एनिड खुर्चीची पाठ धरून उभीच. बऱ्याच वेळाने मादी परतली, चोचीने अंडी फिरवली, बसली. थोड्या वेळाने पुन्हा गेली.

डेझमंडने बोक्याला घरात कोंडलं. पेटीजवळ तो जिवंत अळ्यांची वाटी ठेवू लागला, आणि रोज चहाला येऊ लागला.

"बोक्याने पडदे फाडले माझे."

"बरं केलं त्याने."

मादी बाहेर गेली की एनिडची घालमेल व्हायची. एकदा डेझमंड म्हणाला, "तिला खायला नको? उपाशी बसून मेली तर अंडी कोण उबवणार?"

"कळतं मला."

"पाखराचं कळतं. स्वतः मात्र खुडूक कोंबडीसारखी बसून आहेस. हा चढ उतरून शेवटची कधी गेली होतीस?"

"बोलून झालं असेल तर कप उचल आणि धुवायला ठेव."

तिने विल्फकडे पाहिलं. तो टीव्हीकडे नाही, तिच्याकडे बघत होता. "जा," तो म्हणाला.

तो शब्द तिला फार लागला. याला आपण नकोशा झालो की काय, असं वाटलं, हे तिनेच मला पुढे सांगितलं. काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका गुरुवारी डेझमंडला विल्फजवळ बसवून ती हॉलमध्ये आली. अर्ध्यातूनच घाईने परत गेली. पुढच्या वेळी शेवटपर्यंत थांबली.

अंड्यांतून पिल्लं निघाली, सगळ्यांतून नाही. एकट्या आईला सगळ्यांना पुरेसं आणता येईना. दोन अशक्त पिल्लं गेली. एनिडने टीव्ही बंद केला नाही. "ती बघतेय, तर मीही बघेन," म्हणाली.

उरलेली पिल्लं उडाली त्या सकाळी एनिड आमच्याबरोबर गात होती. घरी आली तेव्हा पेटी रिकामी.

"शेवटचं पिल्लू भोकातच अडून बसलं होतं," डेझमंड सांगू लागला.

"आणि नेमकी मीच नव्हते."

"मी... पाहिलं," विल्फ म्हणाला.

एनिडने कोटही न काढता खुर्ची ओढली आणि नवऱ्यासमोर बसली. "मग तूच सांग."

त्याला फार वेळ लागला. एकेक शब्द शोधावा लागत होता. तिने एकही शब्द त्याच्यासाठी पुरा केला नाही.