लांबचं बंदर

जहाजाच्या सहलीचं ठरलं तेव्हा घरात भांडण तिकिटावरून झालं नाही, बंदरावरून झालं.

कंपनी एकच, जहाज तसंच, समुद्रावरचे दिवसही तेवढेच. प्रश्न फक्त सुटायचं कुठून एवढाच. जवळच्या बंदराला जायचं तर सकाळी आगगाडीत बसावं आणि जेवायच्या वेळेला धक्क्यावर उतरावं. पण तिथलं तिकीट महाग. लांबचं बंदर डोंगरापलीकडे. तिथलं तिकीट बरंच स्वस्त, मात्र स्वतःच्या गाडीनं निघालं तर पोचायला अख्खा दिवस.

"लांबच्या बंदरावरून जायचं," चश्मेवाले म्हणाले, आणि विषय संपल्यासारखे ताटावरून उठले.

विषय इतक्यात संपू देणाऱ्यांपैकी त्यांची बायको नव्हती. मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची सगळी नोकरी झाली होती. दिवसभर "हॅलो, हॅलो" करायची म्हणून तिथल्या लोकांनी तिचं हॅलोताई नाव पाडलं, आणि निवृत्त झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. समोरच्याचं तोंड दिसत नसताना नुसत्या आवाजावरून त्याच्या घरी काय घडलंय हे ओळखायची तिला सवय होती. खोटं बोलणारा माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, असं ती म्हणायची.

तिनं टेबल पुसलं आणि हिशोब मांडला. "पेट्रोल धरा. टोल धरा. जहाज दुपारी सुटतं, म्हणजे आदल्या रात्री तिथे लॉजवर मुक्काम आला, तोही दोन खोल्यांचा. आपण समुद्रावर असेपर्यंत गाडी धक्क्याजवळ उभी, तिचं भाडं वेगळं. वाटेतलं खाणंपिणं. परत येताना पुन्हा तेच सगळं. आता सांगा, वाचलं काय?"

"एक बरीशी चप्पल येईल की, वहिनी," वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे चश्मेवाल्यांची धाकटी बहीण. शाळेत शिवण शिकवायच्या, नवरा गेल्यावर याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. सहलीला त्याही येणार होत्या.

"चपलेसाठी डोंगर चढायचा? आणि दिवसभर गाडी चालवून तुमचे दादा थकले तर काय—"

"तरी वाचले ते वाचलेच," चश्मेवाले म्हणाले. प्रश्न पुरा व्हायच्या आत.

हॅलोताईच्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस पैशाला चिकटणारा नव्हताच मुळी. दोन खुर्च्या आणि एक आरसा मावेल एवढं त्यांचं दुकान. तिथे बसून त्यांनी अर्ध्या गावाच्या नाकावर चष्मे चढवले. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तुटक्या काड्या फुकट बसवून द्यायचे. नवा चष्मा लावलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आता बायको स्पष्ट दिसेल, मग माझ्याकडे तक्रार आणायची नाही." असा हा दिलदार माणूस तिकिटातल्या थोड्या फरकासाठी हट्टाला पेटावा?

आणि दुसरंही काही होतं. गेल्या वर्षी त्यांनी दुकान अचानक विकून टाकलं. "पुरे झालं आता," एवढंच म्हणाले. त्यानंतर घरातल्या वस्तूंवर त्यांचा राग सुरू झाला. स्टूल कोणी इथे ठेवलं, दार कोणी अर्धं उघडं टाकलं. चहाचा कप डावीकडे ठेवला की तो तिथेच गार व्हायचा. गाडीच्या डाव्या दारावर एक लांबलचक ओरखडा आला होता, त्यात निळा रंग भरलेला. विचारलं तर म्हणाले, "बाजारात कोणीतरी घासून गेलं. लोकांना हल्ली बघायला नको."

"तुमचे डोळे दाखवले का एकदा?"

ते मोठ्यानं हसले. "अगं, चश्मेवाल्याला डोळे दाखवायला सांगतेस?"

हसणं जरा जास्तच लांबलं. पण संसारात प्रत्येक गोष्टीचा पिच्छा पुरवता येत नाही. लांबच्या बंदराची तिकिटं आली, आणि हॅलोताईनं बॅगा भरल्या.

निघाले तेव्हा हवा स्वच्छ होती. चश्मेवाले गाडी चालवायला, डावीकडे हॅलोताई, मागे वन्सं आणि त्यांच्या मांडीवर डबा. गाव सुटेपर्यंत वन्संच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता.

"अगंबाई, हा सायकलवाला बघ कसा रमतगमत चाललाय! दादा, ती भिंत बघ, किती पुढे आलीये रस्त्यावर. अरे, केवढं झाड हे! एवढं झाड कोणी रस्त्याला ठेवतं का? हं, आलीच बघ दुधाची गाडी, उभी राहायला हीच जागा मिळाली."

चश्मेवाले एरवी बहिणीला म्हणाले असते, जरा श्वास घे. आज एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही हात चाकावर घट्ट, मान ताठ, नजर समोर. हॅलोताईनं एकदा बडीशेपेची डबी पुढे केली. ती त्यांना दिसलीच नाही. गाडी चालवण्यात गुंग असतील म्हणून तिनं ती परत पर्समध्ये टाकली.

दुपारी एका झाडाखाली जेवण झालं आणि डोंगर सुरू झाला. रस्ता अरुंद होत गेला. डाव्या हाताला आधी गटार, मग गुडघ्याएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसतीच पोकळी. खालच्या दरीतून धुकं वर चढत होतं. समोरून येणारे ट्रक दिवे लावून येत होते.

आणि मागचा आवाज थांबला.

हॅलोताईनं वळून बघितलं. जेवण अंगावर आलं असावं. वन्सं मान मागे टाकून झोपल्या होत्या. उभ्या जन्मात ही बाई पहिल्यांदाच गप्प बसली, म्हणून हॅलोताईला बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन वळणं टिकलं. मग चाकाखाली खडी कराकरा वाजली. कठड्याचे दगड तिच्या खिडकीला लागूनच मागे पळायला लागले.

"अहो, जरा उजवीकडे घ्या."

त्यांनी लगेच घेतली. का, म्हणून विचारलं नाही, की बाजूला नजर टाकली नाही. एवढ्या वर्षांत या माणसानं बायकोचं इतक्या चटकन कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

सायकलवाला. भिंत. झाड. दुधाची गाडी. सकाळपासून वन्संनी दाखवलेली एकूण एक गोष्ट तिला आठवली. सगळ्या डावीकडच्या होत्या.

"थांबवा," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात वळण संपलं. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. डाव्या कडेला पिवळा कोट घातलेला एक माणूस लाल झेंडा हलवत उभा होता, आणि गाडी सरळ त्याच्या अंगावर निघाली होती.

हॅलोताईनं दोन्ही हातांनी चाक धरून उजवीकडे ढकललं. काडकन काहीतरी मोडलं. गाडी गर्रकन वळली आणि रस्त्यात आडवी होऊन थांबली. वन्सं किंचाळत जाग्या झाल्या. डबा उघडून सगळं सीटवर सांडलं.

"काय झालं?" चश्मेवाल्यांनी विचारलं. "दगड होता का?"

गटारातून तो माणूस उठला. कोपर सोलवटलं होतं, हातात झेंड्याची मोडकी काठी. तरातरा तो हॅलोताईच्या खिडकीपाशी आला आणि ओरडला, "मरायचंय का? एवढा लाल झेंडा घेऊन उभा होतो मी!"

चश्मेवाले समोर बघतच म्हणाले, "कोण बोलतंय?"

पुढची शिवी त्या माणसाच्या तोंडातच राहिली. त्यानं वाकून आत चश्मेवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून त्यानं हॅलोताईला विचारलं, "बाई, यांना दिसत नाही?"

मजुरांनी गाडी ढकलून बाजूला लावली. तिघांना पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसवलं, कोणीतरी पाणी दिलं. धुकं शेडच्या दारापर्यंत आलं होतं.

"डावा डोळा गेला," शेवटी चश्मेवाले म्हणाले. "उजवाही कडेनं मिटत चाललाय. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. त्यावर इलाज नाही. आहे तेवढं टिकवायला थेंब घालतो."

"मला नाही सांगितलंत. वन्संना सांगितलंत."

"थेंब घालायला कोणीतरी हवं होतं, वहिनी," वन्सं रडत म्हणाल्या. "तुम्हाला कळलं तर गाडी बंद कराल, म्हणाला. एकदाच, म्हणाला. जवळच्या बंदराला गेलो असतो तर आगगाडीनं जावं लागलं असतं. याला तुम्हाला शेवटचं एकदा गाडीनं न्यायचं होतं."

म्हणून चपलेचा हिशोब. म्हणून लॉज, टोल, पेट्रोल. हॅलोताईला त्या प्रेमानं रडू यायला हवं होतं. आला तो संताप. "मला कुठे बसवलंत? जी बाजू तुम्हाला दिसत नाही त्या बाजूला. आणि त्या झोपल्या तर?"

चश्मेवाल्यांनी पाण्याचा पेला चाचपत बाकाखाली ठेवला.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती विचारू नये असं तिला फार वाटलं. "तो ओरखडा कसला आहे?"

या वेळी प्रश्न पुरा झाला, तरी उत्तर येईना.

"बाजारामागच्या गल्लीत," ते म्हणाले. "मी एकटा होतो. डावीकडे काहीतरी आदळलं. आवाज आला."

"कसला आवाज?"

"ओरडण्याचा."

"आणि तुम्ही?"

"मी थांबलो नाही."

वन्संनी पदरात तोंड घातलं. हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खाली बंदराकडे जाणारी बस आली तेव्हा हॅलोताईनं वन्संच्या हातात त्यांची बॅग आणि तिकीट ठेवलं. "तुम्ही जा."

"मी एकटी? वहिनी, माझं काय काम तिकडे?"

"तुम्ही आत्ता माझ्यासमोर राहू नका, एवढंच काम."

वन्सं गेल्या. जहाजावर त्यांनी समुद्र असा बघितलाच नाही म्हणे. उलट्या आणि रडणं, यातच सगळे दिवस गेले. इकडे गाडी मजुरांच्या शेडपाशी सोडून नवराबायको घरी जाणाऱ्या बसमध्ये बसली. वाटेत ते एकदा म्हणाले, "कुत्रंही असेल." ती म्हणाली, "कुत्रं असतं तर तुम्ही थांबला असतात."

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात फोन लावला. अपघात विभागातल्या सिस्टरनं आवाज लगेच ओळखला. "हॅलोताई! आज आमची आठवण कशी झाली?"

हॅलोताईनं विचारायचं ते विचारलं. सिस्टरला फार आठवावं लागलं नाही. हो, एक बाई आली होती. बाजारामागे फण्या-रिबिनी विकायची. निळी हातगाडी पार मोडली, आणि बाईचं खुब्याचं हाड. ठोकणारा पळून गेला. नंतर मुलगा तिला स्वतःच्या घरी घेऊन गेला. "का हो, ओळखीची होती?"

"हो," हॅलोताई म्हणाली आणि फोन ठेवला.

चश्मेवाले खुर्चीतच होते. तिच्या चेहऱ्यावरचं त्यांना किती दिसलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "जिवंत आहे?"

मुलाचं घर शोधायला फार वेळ लागला नाही. जाण्याआधी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. हॅलोताई त्यांचा डावा हात धरून चालली. जिना अंधारा होता, प्रत्येक पायरीला ती "हं" म्हणायची.

बाई खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती. हॅलोताईला वाटलं होतं तेवढी म्हातारी नव्हती. मुलानं आधी दोघांना जुनी गिऱ्हाइकं समजून खुर्च्या दिल्या. चश्मेवाले बसले नाहीत.

"ती गाडी माझी होती," ते म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही. तुम्ही मला दिसला नाहीत."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मुलगा उठून उभा राहिला होता. तिनं त्याला हातानं थांबवलं.

"दिसले नाही ते ठीक," ती म्हणाली. "मी ओरडले ते ऐकू आलं होतं का?"

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. त्या दिवशी गल्लीत साक्षीला दुसरं कोणी नव्हतंच.

"आलं होतं," चश्मेवाले म्हणाले.

बाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलानं दार उघडलं आणि त्यांना बाहेर जायला सांगितलं. तिथून दोघं पोलीस चौकीत गेली आणि त्यांनी सगळं लिहून दिलं. खटला उभा राहिला, दंड झाला, परवाना गेला. गाडी विकून आलेले पैसे त्या बाईच्या घरी पोचते झाले. ते मुलानं घेतले, पण पावतीवर सही करताना एक अक्षरही बोलला नाही. बाई पुढे काठी धरून चालायला लागली असं सिस्टरकडून कळलं.

वर्ष सरायच्या आत चश्मेवाल्यांचा उजवा डोळाही मिटला. वन्सं रोज संध्याकाळी खाली येऊन दाराशी बसतात. हॅलोताई त्यांना चहा देते, बोलत नाही. सकाळी ती नवऱ्याला फिरायला नेते. रस्त्यात कोणी मागून मोठ्यानं हाक मारली, की ते जागच्या जागी थांबतात. हाक कोणाला होती, आणि ती व्यक्ती बरी आहे ना, हे तिनं जाऊन बघून सांगितल्याशिवाय ते पाऊल पुढे टाकत नाहीत.