प्लोना क्रॉमची शपथ

इथं कॅनडात, क्विंटेच्या खाडीवर अजून गमतीनं म्हणतात, की प्लोना क्रॉमनं तुनिसशी दोनदा लग्न केलं. एकदा छावणीत, गरजेपोटी. आणि एकदा मॅजिस्ट्रेटसमोर, पुरता विचार करून. त्यांच्या जमिनीला लागूनच आमची जमीन. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा राखेच्या पाण्यात साबण कसा शिजवायचा, ओल्या लाकडांवर चूल कशी धरायची, हे सगळं मला तिनंच शिकवलं. आम्ही सगळ्या तिला प्लोनामावशी म्हणायचो. खरं नाव अ‍ॅपोलोनिया. पण बाप्तिस्म्याच्या दिवसानंतर ते कुणी उच्चारलं असेल असं वाटत नाही.

ती मूळची अमेरिकेतल्या मोहॉक नदीच्या खोऱ्यातली, जर्मन शेतकऱ्याची मुलगी. इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढाई पेटली तेव्हा तिचा पहिला नवरा लोडविक राजाच्या बाजूनं राहिला. "ज्याच्या राज्यात जमीन मिळाली त्याच्यावर बंदूक कशी रोखू?" एवढंच तो म्हणायचा. शेजाऱ्यांनी आधी बोलणं टाकलं, मग गुरं हाकून नेली. शेवटी बंडवाल्यांच्या कमिटीची माणसं त्याला पकडायला येणार अशी कुणकुण लागली, तसा तो रानातून उत्तरेला कॅनडात पळाला आणि राजाच्या पलटणीत शिरला. त्याच्या मागे घर जाळलं गेलं. प्लोनामावशी अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एका पितळी किटलीनिशी इतर बायकांबरोबर निघाली. रान तुडवत, सरोवर ओलांडत ती सेंट लॉरेन्स नदीच्या काठावरच्या निर्वासितांच्या छावणीत पोचली, तर कळलं की नवरा पलटणीबरोबर खोऱ्यातच छापा घालायला गेलाय.

पलटण परतली. लोडविक परतला नाही.

"नदीच्या उतारापाशी मागे राहिला," एक शिपाई म्हणाला.

"मागे राहिला म्हणजे? पडला का?"

"गोळ्या चालल्या होत्या, बाई. कोण पडलं आणि कोण बसलं, बघायला वेळ कुणाला होता?"

याहून जास्त कुणालाच माहीत नव्हतं. तिनं वाट पाहिली. त्या छावणीत बायका देवीनं आणि थंडीनं पटापट मरत होत्या, आणि एकट्या बाईला शिधाही अर्धामुर्धाच मिळायचा. तुनिस क्रॉम त्याच पलटणीतला, डच घरातला, बंदुकीच्या बारानं एक कान गेलेला. तो तिला लाकडं फोडून द्यायचा आणि काही न बोलता निघून जायचा. एकदा तिनंच विचारलं, "तुला बोलता येतं की नाही?" तो म्हणाला, "येतं. पण उत्तर ऐकू येईल याची खात्री नसते." बऱ्याच दिवसांनी ती हसली ती तेव्हा, असं ती सांगायची.

छावणीत पाद्री नव्हता. कॅप्टनसाहेबांनी प्रार्थनेच्या पुस्तकातून लग्नाचा मजकूर वाचला, शिपायांनी टोप्या उडवल्या, झालं लग्न. वर्षभरात लेक झाली, त्रूय.

मग राजा लढाई हरला, आणि खोऱ्यात परतायची वाट कायमची बंद झाली. त्याबदल्यात इथलं रान मिळालं. सपाट तळाच्या होड्यांतून प्रवाहाविरुद्ध वर आले, मोजणीदाराच्या टोपीतून चिठ्ठ्या उचलल्या, आणि ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला तिथं तो तंबू ठोकून बसला. सरकारी कुऱ्हाड अशी आखूड आणि बोथट, की तुनिसकाका म्हणायचे, "हिनं झाड पडत नाही, कंटाळून आडवं होतं." गिरणी लांब, म्हणून मका पोखरलेल्या बुंध्यात कुटायचा. पुढे सरकारी शिधा थांबला आणि नेमकं त्याच साली पीक गेलं. त्या उपासमारीत लोकांनी झाडांचे कोंब उकडून खाल्ले. प्लोनामावशीनं तेव्हा खाडीतल्या ईल माशांवर स्वतःचं घर जगवलं आणि शेजारची दोन घरंही.

ते दिवसही सरले. गव्हाचं शेत डोलायला लागलं, तीन मुलं झाली, गाय आली. आणि मग एक नवा पाद्री आला.

तरुण होता, थेट इंग्लंडहून आलेला. त्रूयचा बाप्तिस्मा नोंदवायचा म्हणून त्यानं विचारलं, "लग्न कुणी लावलं?"

"कॅप्टनसाहेबांनी."

"कॅप्टन लग्न लावू शकत नाही. कायद्यानं तुमचं लग्न झालेलंच नाही, बाई."

प्लोनामावशीनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे आता सांगताय? तीन पोरं झाल्यावर?"

खाडीवरच्या निम्म्या जोडप्यांची हीच गत. गावभर थट्टा सुरू झाली. पुरुष म्हणायचे, आता आम्ही सुटलो. बायका म्हणायच्या, मग चला, आपापली पोरं कडेवर घ्या आणि चालू लागा. पण थट्टेच्या खाली भीती होती. राजनिष्ठांच्या मुलींना सरकार जमीन देणार होतं. त्रूय औरस ठरली नाही तर तिला काय मिळणार? बापामागे शेत कुणाच्या हातात जाणार?

दोनेक वर्षांनी नवा कायदा झाला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जुनी लग्नं ग्राह्य धरली. नवराबायकोनं मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन शपथ घ्यायची, आमचं लग्न अमक्यानं लावलं आणि आम्हा दोघांना तेव्हा कसलीही आडकाठी नव्हती. लोक रविवारचे कपडे घालून, जेवण बांधून, होड्या भरभरून निघाले. जणू जत्राच.

प्लोनामावशी गेली नाही.

"उद्या जाऊ," तुनिसकाका म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "लोणी काढायचंय." पुढच्या आठवड्यात म्हणाली, "गाय व्यायला आलीय." मी तेव्हा तिथंच अळशीच्या सुताचा गुंता सोडवत बसले होते. तुनिसकाकांनी टोपी काढून मेजावर ठेवली.

"प्लोना, तुला मी नको झालोय का? तसं असेल तर सांग. चांगल्या कानाच्या बाजूनं सांग."

ती एकदम खाली बसली. "कसलीही आडकाठी नव्हती, असं बायबलवर हात ठेवून म्हणायचंय, तुनिस. लोडविक मेला हे मला कुठं ठाऊक आहे? मागे राहिला, एवढंच ठाऊक आहे. तो जिवंत असेल तर? कुठल्या तुरुंगातून सुटून मला शोधत असेल तर? कॅप्टनसमोर मला कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. आता विचारणार आहेत."

"इतकी वर्षं हे तुझ्या मनात होतं?"

"रोज नाही. पण कुत्रा भुंकला की दाराकडे बघायचे मी."

तुनिसकाकांनी मेजावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाले, "आपले लोक नदी ओलांडून आधी आले. मागं राखणीला मोहॉक होते. त्यांनी काही पाहिलं असेल तर पाहिलं असेल. चल, विचारू."

मोहॉक, म्हणजे त्या खोऱ्यातले मूळचे रहिवासी, तेही आमच्यासारखेच. राजाची बाजू घेतली आणि खोऱ्यातलं घरदार गमावलं. त्यांची वस्ती खाडीच्या वरच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं होडीत बसली. त्रूयही हट्टानं होडीत चढली, आणि सोबतीला म्हणून मीही गेले. वाटेत तुनिसकाकांनी वल्हं थांबवून विचारलं, "जिवंत असला, तर काय करशील?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा वल्हवायला लागले. वल्ह्यांचा वेग मात्र तसूभरही कमी केला नाही. मी त्या माणसाला खूप वर्षं पाहिलं, पण तेव्हाइतका मोठा कधी वाटला नाही.

वस्तीत चारपाच घरी विचारल्यावर क्रीन नावाच्या माणसाकडे पाठवलं. क्रीन अंगणात जाळं दुरुस्त करत होता. खोऱ्यातले जुने मोहॉक आमची खेडवळ जर्मन बोलायचे, तोही बोलला.

"उतारापाशी? हो, एकजण होता. तांबडी दाढी. पोटात गोळी लागली होती. आम्ही त्याला उचलून अलीकडच्या काठावर आणलं आणि झाडाला टेकवून बसवलं. पाणी मागितलं, दिलं. ऊन चढायच्या आत गेला."

"तांबड्या दाढीचे पुष्कळ असतात," प्लोनामावशी म्हणाली.

क्रीननं जाळं बाजूला ठेवलं. "पुरायच्या आधी आम्ही त्याचे बूट काढले. आमच्यातल्या एकाचे फाटले होते. राग मानू नको. त्याच्या डाव्या पायाला अंगठा नव्हता."

तिनं माझा दंड घट्ट धरला. "कुऱ्हाड लागली होती. मीच बांधला होता तो पाय."

"मग तूच प्लोना?"

"त्यानं नाव घेतलं?"

"घेतलं की. म्हणाला, प्लोनाला सांगा, थंडीच्या आत धुराडं साफ करून घे, नाहीतर घर पेटेल."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "अरे, ते घर तर तेव्हाच जळून गेलं होतं रे! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!"

"मी बाईला शोधलं," क्रीन म्हणाला. "पण प्लोना नावाची, तांबड्या दाढीवाल्याची बायको, असं कुणाकुणाला विचारणार? तू तर क्रॉम झाली होतीस."

"नीट पुरलंत त्याला?"

"दगड रचले वर. माझ्या भावानं प्रार्थनाही म्हटली, आमच्या भाषेत. देवाला कळते ती."

क्रीनच्या बायकोनं आम्हाला मक्याची भाकरी आणि मेपलची काकवी वाढली. तुनिसकाका सगळा वेळ होडीपाशीच बसून होते. ऐकू येत नाही असं निमित्त सांगून. प्लोनामावशी खाली काठावर गेली, त्यांच्या चांगल्या कानापाशी वाकून काहीतरी म्हणाली. त्यांनी टोपी काढली. दोघं एकमेकांच्या शेजारी उभी राहिली.

परतीच्या वाटेवर ती होडीत बसल्या बसल्या झोपली. अशी घोरली, की काठावरची बदकं उडाली.

"किती वर्षांनी अशी झोपलीय," तुनिसकाका त्रूयला म्हणाले, "उठवू नकोस आईला."

त्याच आठवड्यात दोघं मॅजिस्ट्रेटकडे गेली. मॅजिस्ट्रेट म्हणजे तरी कोण, शेतांच्या वरच्या रांगेतले थर्स्टनसाहेब. नुकतेच डुकरांना खाणं घालून आलेले. त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला काही आडकाठी होती का?"

"नव्हती," प्लोनामावशी इतक्या मोठ्यानं म्हणाली, की बाहेर बांधलेली घोडी बिचकली. "आणि आता ठाऊकही आहे."

"आणि तुनिस, तुमचं काय?"

"काय म्हणाले?" तुनिसकाका तिच्याकडे वळून म्हणाले.

"विचारतायत, सुटायचंय का तुला?"

"छे! नव्या बायकोचं पहिल्यापासून कोण ऐकत बसणार?"

त्रूय मोठी झाली, तेव्हा राजनिष्ठाची मुलगी म्हणून तिला स्वतःच्या नावानं जमीन मिळाली. तिचं लग्न खऱ्या पाद्र्यानं लावलं, पण तो बर्फात अडकून इतका उशिरा आला की पाव्हणे आधीच जेवून नाचायला लागले होते. प्लोनामावशीनं त्याच्या पुढ्यात उरलेलं हंसाचं मटण ठेवलं आणि म्हणाली, "सावकाश खा, बाबा. आम्हाला काही घाई नाही." त्रूयचा नवरा मात्र तेवढ्यात घामाघूम झाला होता.

त्रूयची ती जमीन खाडीपासून लांब, शेतांच्या मागच्या रांगेत निघाली, दगडाळ. पहिल्या साली तिथं नुसते बटाटे लावले. चांगले आले.